गायरानावर गवत पेरायचं कधी? उत्तर सोलापुरातल्या एका बरडाचं प्रकरण

"उत्तरा-हस्ताचा पाऊस बघून पेरा, गुर्जी. आपल्याकडं दुसरं नक्षत्र भरवशाचं न्हाई." आबांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसलेल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. साठ-पासष्ट पावसाळे बघितलेल्या माणसासमोर हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्याने काय बोलायचं?

त्या निर्णयाने आमचं एक वर्ष आणि गोळा केलेलं निम्मं बी गेलं. आबा चुकीचं सांगत होते असं मात्र नाही. ते बरोबरच सांगत होते, फक्त दुसऱ्या जमिनीबद्दल. एवढी एक गोष्ट उलगडायला आम्हाला दोन हंगाम लागले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

जागा

उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाणारी माळरानं आमच्या शिवारापासून लांब नाहीत. 1979 साली ते अभयारण्य झालं. आता माळढोक दिसणं म्हणजे नशिबाची गोष्ट, पण काळविटांचे कळप अजून गायरानात उतरतात. गावच्या गायरानातला सहा एकरांचा तुकडा पाच वर्षांसाठी चराईबंद करायचा आणि तिथे माळावरचं मूळचं गवत परत आणायचं, असं ग्रामसभेत ठरलं होतं. झाडं लावायची नाहीत, हेही ठरलं. त्यावरच जास्त भांडण झालं, कारण मोकळा माळ दिसला की लोकांना तो ओसाड वाटतो. शाळेतली मुलं दर पावसाळ्यात बियांचे गोळे करून माळावर फेकतात, त्यात सगळ्या झाडांच्याच बिया. शेजारच्या शिवारात ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांच्याखाली मेंढीला तोंड घालायला काही नाही. हे मेंढपाळांनी सांगितल्यावर सभा गप्प झाली.

तुकड्याची माती म्हणजे वर चार बोटं तांबूस बरड, खाली मुरूम, त्याखाली कातळ. मध्ये एक बांध आणि बांधापलीकडे आबांचं काळीचं रान, जिथे कुदळीचा दांडा बुडेल एवढी खोल माती. या बांधाची गोष्ट पुढे येईल.

माळाचं मूळचं गवत कुठलं, याचं उत्तर रेल्वेच्या कुंपणाआत, जुन्या स्मशानाच्या कडेला आणि एका देवस्थानाच्या आवारात सापडलं. गुरांचं तोंड पोचत नाही अशा या जागा. तिथे पवन्या होता, मारवेल होतं, थोडं डोंगरी गवत आणि भरपूर कुसळी. भारतातल्या गवताळ प्रदेशांचं जे वर्गीकरण 1973 साली प्रसिद्ध झालं, त्यात दख्खनच्या पठाराचा हा पट्टा पवन्या-मारवेल गटातच घातलेला आहे, म्हणजे कुंपणाआडचे हे तुकडे खरी साक्ष देत होते. चराई वाढली की यातला पवन्या आधी जातो, मग मारवेल. कुसळी तग धरते आणि शेवटी तीन फाट्यांच्या कुसळांचं ते बारीक रेताड गवत उरतं, ज्याला गाढवही विचारत नाही. आमच्या तुकड्यात तेवढंच उरलं होतं, शिवाय तरवड आणि गाजरगवत.

कोणीतरी स्टायलोचं बी आणून देतो म्हणाला. चांगला चारा आहे, पण तो मूळचा कॅरिबियन बेटांकडचा. आम्ही नको म्हटलं. तो वेगळा प्रयोग झाला असता.

बी

पहिला धडा बियाण्याने दिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत पिकतं, पण एका वेळी पिकत नाही. एकाच लोंबीतले वरचे दाणे गळून गेलेले असतात तेव्हा खालचे हिरवे असतात. दोन दिवस उशीर झाला की हातात काडी राहते. आठवी-नववीची मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर गोण्या घेऊन जायची आणि मुठीने ओरबाडून आणायची. कुसळीच्या वेळी सगळ्यांचे पायमोजे वाया गेले.

वजनाने बी भरपूर जमलं. मग तपासलं. सोयाबीनच्या वेळी गावात घरोघर गोणपाटावर उगवणशक्ती बघतात, तसेच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठ दिवसांनी उघडलं तर जवळजवळ काहीच नाही. मुलांची तोंडं पडली.

याची दोन कारणं. पहिलं कारण गवताच्या घडणीतच आहे. पवन्या, मारवेल, कुसळी या सगळ्यांची कणिसं जोडीजोडीने लागतात. एक बिनदेठाचं आणि एक देठाचं. दाणा धरतो तो बिनदेठाच्यात. देठाचं बहुधा नर असतं किंवा वांझ. कुसळीत तर बुडाकडच्या काही जोड्या सगळ्याच बिनदाण्याच्या. म्हणजे गोणीतला निम्म्याहून जास्त माल पोचट असणारच, त्यात कोणाचा दोष नाही. किलोवर हिशेब करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. आम्ही नंतर दाणे नखाखाली दाबून भरीव किती ते मोजायला लागलो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जे भरीव होते तेही झोपलेले होते. ताजं बी उगवत नाही, त्याला काही महिने मुरावं लागतं. माळावर गळालेलं बी हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा कोरड्यात पडून राहतं आणि तापलेल्या जमिनीत त्याची झोप हळूहळू मोडते. त्यामागचं शहाणपण उघड आहे. कार्तिकात एखादी अवकाळी सर आली आणि बी लगेच उगवलं, तर पुढच्या सात कोरड्या महिन्यांत ते मरणार. न उगवणं हाच त्याचा बचाव. थंड प्रदेशांत माळरानाची पेरणी बर्फ पडायच्या आधी करतात, कारण तिथल्या पुष्कळ बियांना ओल्या थंडीतून जावं लागतं. आपल्याकडे तेच काम वैशाख करतो. त्याच गोणीतले दाणे मे महिन्यात पुन्हा गोणपाटात ठेवले, तेव्हा पाचव्या दिवशी पांढरे मोड दिसले.

पण ही दुसरी तपासणी सुचली ती पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी बी उगवत नाही असं दिसल्यावर आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून आदल्या हंगामाचं जुनं, मुरलेलं बी थोडं आणलं, स्वतःचं त्यात मिसळलं, आणि प्रश्न ओसरीवर नेला: पेरायचं कधी?

ओसरीवरची तीन मतं

आबांचं मत वर आलंच आहे. त्यामागे आकड्यांचाही आधार आहे. सोलापूरचा वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो दोन तुकड्यांत येतो. जूनमध्ये सुरुवात होते, जुलै-ऑगस्टमध्ये वारा सुटतो, ढग नुसते पळतात आणि खंड पडतो. मग सप्टेंबरमध्ये परतीचा जोर. वर्षातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. म्हणूनच हा रब्बीचा मुलूख. मालदांडी ज्वारीची ती प्रसिद्ध 35-1 जात याच जिल्ह्यात मोहोळला निवडली गेली, आणि कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारं केंद्र सोलापुरात 1933 पासून आहे. इथल्या शेतकऱ्याच्या हाडात सप्टेंबर मुरलेला आहे. मृगावर विसंबणारा इथे दिवाळखोर होतो, असं तीन पिढ्यांनी शिकवलंय.

दुसरं मत पुस्तकाचं, म्हणजे माझं. गवताच्या बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरा. त्यातल्या बऱ्याच पुस्तिका जास्त आणि सलग पावसाच्या भागांसाठी लिहिलेल्या असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जोर केला नाही.

तिसरं मत एका मेंढपाळ मामांनी दिलं आणि ते कोणीच मनावर घेतलं नाही. ते उभ्या उभ्या म्हणाले, "गवात काय तुमची वाट बगत न्हाई, मास्तर. ते पडतंय मार्गशीर्षात. तवाच टाका." आम्ही हसलो. बी सहा महिने आधी टाकायचं म्हणजे मुंग्यांना वाढायचं, असं मी म्हणालो. ही हरकत चुकीची नव्हतीच. माळावरच्या मुंग्यांच्या वारुळाभोवती गवताच्या तुसांचं कडं दिसतं, ते काही शोभेसाठी नसतं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी ना कोणी माळ पेटवतं.

पहिलं वर्ष: उत्तरा

बहुमताने उत्तरा नक्षत्र ठरलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला, वाफसा आला, दोन दिवसांत हलक्या दाताळ्याने माती खरडून बी चाळलेल्या मातीत आणि शेणखतात कालवून फोकलं आणि वरून बाभळीची काटेरी फांदी ओढली. अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ द्यायचं नसतं, गवताचा दाणा बारीक, त्याच्यात तेवढीच ताकद.

दसऱ्याला माळ हिरवा दिसत होता. लोक दुरून बघायला आले. फोटो फिरले. आबांनी मला चहा पाजला.

दिवाळीनंतर वाढ थांबली. रोपं बोटभर झाली आणि तिथेच अडली. डिसेंबरात रात्रीचा पारा पंधराच्या जवळ आला, आणि ही सगळी गवतं उन्हाळी घडणीची, उबेत वाढणारी. थंडीत ती जगतात पण वाढत नाहीत. दिवसही लहान झाला होता, त्यामुळे काही रोपांनी एवढ्याशा देहावर लोंबी काढली, जणू जायच्या आधी कर्तव्य उरकून टाकावं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा संपली तोवर तुकडा पिवळा पडला होता. फेब्रुवारीत मी रोपं उपटून बघितली. सहज हातात आली. मूळ मुरमापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्या दिवशी मी बांधावर उभा राहून पलीकडे बघितलं. आबांची ज्वारी कणसात होती, पाणी एक थेंब न देता. पाऊस तोच, तारीख जवळजवळ तीच. फरक बांधाच्या दोन बाजूंच्या मातीत. काळी जमीन हस्ताचं पाणी पोटात धरून ठेवते आणि जानेवारीपर्यंत घोट घोट देत राहते. ज्वारी पावसावर वाढत नाही, साठ्यावर वाढते. चार बोटं बरडात साठा कसला? शेवटचा पाऊस गेला की दोन-तीन आठवड्यांत सगळं वाळून कडक. आबांचं नक्षत्र काळीचं नक्षत्र होतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग बरडावर आमी पेरलंच कवा?" यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. बरडावर गावाने पूर्वी कधीच काही पेरलेलं नाही, तेव्हा त्याची वेळ सांगणारी म्हण गावाकडे असणार कुठून?

पहिल्या पावसाचं आमिष

आता बरडावर पेरलेल्या गवताला काय लागतं, ते उलट बाजूने मोजलं. पुढच्या उन्हाळ्याआधी मूळ मुरमाच्या फटीत शिरलं पाहिजे. त्यासाठी उबदार आणि ओले असे निदान तीन महिने हवेत. म्हणजे जुलैच्या मध्याच्या आत रोप जमिनीवर आलं पाहिजे. सप्टेंबरचा भरवशाचा पाऊस पेरायला वापरायचा नाही, तो आधीच उभ्या असलेल्या रोपाला द्यायचा.

मग मृग? तिथे दुसरा सापळा. गवताचा कोंब पहिले काही आठवडे एकाच बारीक बीजमुळावर जगतो. नंतर खोडाच्या बुडाशी, अगदी मातीच्या पृष्ठभागालगत, नवी तंतुमुळं फुटतात आणि खरा संसार त्यांच्यावर चालतो. ती फुटताना वरची दोन बोटं माती सलग दोन-तीन दिवस ओली नसेल, तर मुळाचं टोक बाहेर येऊन सुकतं. खाली ओल असली तरी उपयोग नाही. म्हणजे रोपाला पाऊस दोनदा हवा: एकदा उगवायला आणि दोन-चार आठवड्यांनी पुन्हा, बुडाशी मुळं धरायला. मृगात पहिला मिळतो. दुसरा नेमका आषाढीच्या आसपासच्या वाऱ्यात हरवतो. पंढरीच्या वाटेवर धूळ उडत असते ती याच दिवसांत.

या दोन अडचणींत एकच तारीख बसत नव्हती. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही तारीख शोधणं सोडलं आणि प्रत्येक गवताचं बी बघून वेळ दिली.

दुसरं वर्ष: तीन पट्टे

कुसळीचं बी कोरड्यात टाकलं, मेच्या अखेरीस, रोहिणीत. मामांच्या सल्ल्याचं हे अर्धं पालन. मार्गशीर्षात नाही, पण पावसाच्या आधी. उन्हाळाभर बी शाळेच्या पत्र्याच्या खोलीत गोणीत ठेवलं, म्हणजे उष्णता मिळाली आणि मुंग्या मिळाल्या नाहीत. कुसळी निवडली कारण तिला पेरणारा लागत नाही. तिचं कुसळ कोरड्यात पिळलेलं असतं, ओल लागली की उलगडतं, सुकलं की पुन्हा पिळतं, आणि प्रत्येक फेऱ्यात टोकदार बी जमिनीत थोडं शिरतं. टोकावरचे केस मागे वळलेले, म्हणून बाहेर येत नाही. मुलांनी हे वर्गात ओल्या स्पंजावर ठेवून बघितलं आणि त्या दिवशीचा तास बराच लांबला. फक्त जमीन खडबडीत हवी. सपाट कडक पापुद्र्यावर ते नुसतं गोल फिरत राहतं.

पवन्या आणि मारवेलच्या बियांसाठी आम्ही मृग मुद्दाम सोडून दिला. मृगाच्या पावसावर गाजरगवत आणि टाकळा उगवू दिला. या तणांना पहिला पाऊस पुरतो. मग उघडीप पडल्यावर, ते दोन पानांवर असताना, खुरप्याने वरवर खरडून उन्हात सोडलं. खोल हलवलं नाही, नाहीतर खालचं नवं तण वर येतं. आर्द्रा संपता संपता दुसरा चांगला पाऊस झाला, त्यावर पेरलं. पेरणी समतल चरांच्या, म्हणजे उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चरांच्या, खालच्या भरावावर आणि चरांमधल्या ओळींत, सलग फोकून नाही.

तिसरा पट्टा ठोंबांचा, म्हणजे मुळांसकट काढलेल्या बुंध्यांचा. मारवेलचं गवत कांड्यांवर मुळं धरतं, म्हणून देवस्थानाच्या आवारातले जुने ठोंब फोडून श्रावणात, झड लागलेली बघून लावले. बियाण्यापेक्षा मजुरी फार. दोन दिवसांत सगळ्यांच्या कमरा गेल्या आणि जेमतेम अर्धा एकर झाला.

त्या वर्षी जुलैत खंड पडलाच. आर्द्रात पेरलेल्यातला मधल्या ओळींमधला बराचसा पवन्या सुकला. चरांच्या भरावावरचा टिकला, कारण तिथे भुसभुशीत मातीचा थर जाड होता आणि चरातल्या पाण्याची ओल बाजूने लागत होती. कुसळी एकदम उगवलीच नाही. थोडी जूनमध्ये, थोडी ऑगस्टमध्ये, बऱ्यापैकी सप्टेंबरात. काही दाणे अजून झोपेत होते आणि ते प्रत्येक पावसाला थोडे थोडे जागे होत गेले. जूनमधली रोपं खंडात मेली, ऑगस्टमधली जगली. आम्ही नक्षत्रावर भांडत बसलो होतो आणि हे बी प्रत्येक नक्षत्रात थोडं थोडं पेरत होतं. ठोंब बहुतेक सगळे लागले.

पुढच्या मेमध्ये बांबूची मीटरभर चौकट टाकून मुलांनी जिवंत बुंधे मोजले. मधल्या माळावर कुसळी सर्वांत पुढे. भरावावर पवन्या आणि मारवेल दाट. उत्तरातल्या पहिल्या वर्षीच्या पेरणीतलं जवळपास काही नाही. एका कोपऱ्यात मात्र माती जरा खोल होती, तिथे त्या पेरणीतले पवन्याचे काही बुंधे उभे होते. तो कोपरा बांधाला लागून आहे, आणि आबा आता प्रत्येक पाहुण्याला तोच दाखवतात.

न सुटलेलं

निकाल आला तेव्हा सगळ्यांत नाराज मेंढपाळ होते, आणि त्यांचं बरोबर होतं. जे गवत सर्वांत चांगलं लागलं, तेच त्यांना सर्वांत नकोसं. कुसळी कोवळी असताना मेंढ्या खातात, पण पिकली की कुसळं लोकरीत आणि लोकरीतून कातडीत शिरतात. त्यावर तोडगा निघाला तो असा की फुलोऱ्याआधी, भाद्रपदात, कुसळीचा पट्टा विळ्याने कापून चारा वाटून न्यायचा. बुंध्याला इजा नाही, कुसळं नाहीत, आणि चराईबंदीतही मेंढपाळांच्या पदरात काही पडतं. खरं तर हे पहिल्या वर्षापासूनच करायला हवं होतं. चराईबंदीचा बोजा ज्यांच्यावर पडतो त्यांना ओसरीवर खुर्ची नव्हती. मामा उभेच होते.

पेरणीची वेळ एवढी बघूनही बी कमी पडलं, हे दुसरं. पहिल्या वर्षीची उधळपट्टी आठवली की वाईट वाटतं. आता बी गवतानुसार वेगळं ठेवतो, गोणीवर गोळा केल्याचा महिना लिहितो, आणि दर वैशाखात गोणपाटाची तपासणी झाल्याशिवाय गोणी उघडत नाही. रोहिणीत टाकायच्या कुसळीचं प्रमाण कमी केलंय. पवन्या फक्त भरावावर. मधल्या माळासाठी नवे चर खणायचे की तो कुसळीलाच सोडून द्यायचा, यावर मत पडलेलं नाही.

यंदा मामांना एक गुंठा दिलाय. त्यांनी मार्गशीर्षात, मी हसलो होतो त्याच पद्धतीने, गोळा केलेलं बी त्याच दिवशी तिथे टाकलं आणि वरून मेंढ्या एकदा फिरवल्या. खुरांनी माती उकरली जाते आणि बी दबतं, असं त्यांचं म्हणणं. भोवती राखेची रेघ मारली, मुंग्यांसाठी. चौकट तिथे पुढच्या मेमध्ये टाकणार आहोत.